सेवकने केलेला रस्ता

१९ जुलै १९७१, अड्याळ

सेवकराम आज सकाळच्या गाडीने गेला. ओव्हरसियरची नोकरी लागली ती पार कोकणात. समुद्राच्या काठाने नवा रस्ता निघतो आहे म्हणे. बायकोलाही सोबत नेतो म्हणत होता. लग्नाला तीन महिने झाले नाहीत आणि याला बिऱ्हाड थाटायचं आहे. मी म्हणालो, आईला लकवा झालेला, धानाची लावणी, म्हणजे रोवणा, तोंडावर आलेला, घरात सुलोचना एकटी आणि तिला चार लेकरं. कुंताला राहू दे, रोवणा झाला की धाडतो. तर मला म्हणतो, "दादा, तिले इचारा तरी."

मी तिला विचारायचं? मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात भावसून भासऱ्यापुढे तोंड दाखवत नाही, बोलत नाही, त्याची सावली पडली तर बाजूने जाते. हे याला मी शिकवायचं का? सुलोचनेमार्फत विचारीन म्हणालो. "तुमी तिले धाडाल तवाच मी या घरात पाय ठेवीन," म्हणून न जेवता गेला. लहानपणापासून हेकट आहे. भूक लागली की येईल वळणावर.

३ ऑक्टोबर १९७१

सेवकचं पत्र आलं, वहिनीच्या नावाने. माझ्याशी अबोला आहे ना. घरातल्या बायकांत वाचता येतं ते सुलोचनेलाच, चौथी पास. रोवणा झाला असेल, कुंताला पाठवा, असं लिहितो. सुलोचनेला म्हणालो, विचार तिला. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग सुलोचना ओसरीत आली आणि म्हणाली, "नाही म्हणते. समुद्राच्या हवेचं भेव वाटते तिले."

तसं कळवलं. आईचं सगळं कुंताच करते. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

११ मार्च १९७३

चिचाळला बांधाचं भांडण तोडायला गेलो होतो. पंच म्हणून चार गावं मला बोलावतात ती उगीच नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

घरी आलो तर सेवकचं पत्र. रस्त्याबद्दल दोन पानं लिहिलीत, कुठे डोंगर फोडला, कुठे वडाचं झाड मधे आलं म्हणून रस्ताच वाकवला. शेवटी तेच. विचारलं. नाही म्हणते.

६ फेब्रुवारी १९७५

पत्र. विचारलं. नाही म्हणते. या वेळी आत रडणंही ऐकू आलं. सुलोचना म्हणाली, माहेरची आठवण येते तिला. पवनी काही लांब नाही, दिवाळीत चार दिवस जाऊन ये म्हणावं.

१० नोव्हेंबर १९७५

दिवाळीचं पत्र आलं. त्यात कुंताचं नावही नाही. एकदाचा समजला म्हणायचं.

१२ नोव्हेंबर १९७८

आई गेली. सात वर्षं अंथरुणावर होती, पण पाठीला एक फोड नाही. आलेगेले सगळे तेच बोलले. हे कुंताचं. तेरवीपर्यंत सेवकची वाट पाहिली. तार केली होती. आला नाही.

२८ डिसेंबर १९७८

सेवकचं पत्र. तार जुन्या पत्त्यावर गेली, महिन्याने मिळाली. "आई गेली, आता तिकडे येण्यासारखं माझं काही उरलं नाही," असं लिहितो.

काही उरलं नाही? आणि ही कुंता कोण? अठ्ठावीस वर्षांची बाई, तिचा संसार कधी व्हायचा? आज मी ठरवलं. धान चुरून, मळणी झाली की जीप काढायची आणि कुंताला घेऊन सेवकच्या गावी, वेळवाडीला जायचं. तिला समोर पाहिलं की तो पाघळेल. कान धरून दोघांना घरी आणतो, नाहीतर तिथे राहायचं असेल तर तिथे बसवून येतो. आता आई नाही, कुंता कुठेही राहिली तरी माझी ना नाही.

सुलोचनेला सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "तिले कायले नेता? तुमी एकटेच जाऊन या." मी म्हणालो, ज्याचा संसार त्याला नको का न्यायला? मग म्हणाली, तिला नेणार तर मीही येते. काल याच बाईचे गुडघे दुखत होते.

१६ जानेवारी १९७९, मूर्तिजापूर

निघालो. लेकरं त्यांच्या मामाकडे ठेवली. जीप जुनी, लिलावातली, पण तेजरामच्या हाताखाली नीट चालते. तेजराम शहापूरचा, ट्रकवर दहा वर्षं काढलेला. पुढे तो आणि मी, मागे बायका. त्याच्यासमोरच्या आरशात मागचं दिसतं म्हणून मी आरशावर दुपट्टा टाकला.

"मंग मागची गाडी कशी पाहू धनीरामभाऊ?"

"मागून येणारा पाहून घेईल आपलं आपण."

तेजराम हसला नाही. मीही हसलो नाही. रीत म्हणजे रीत.

कुंताने ट्रंक भरून आणली आहे आणि पाच पायल्या चिन्नोर. हा आमचा वासाचा तांदूळ सणालाच शिजतो. सुलोचनेला म्हणालो, एवढा कशाला? ती म्हणाली, "नवऱ्याले आवडते म्हणे." ज्या बाईला आठ वर्षांत नवऱ्याकडे जावंसं वाटलं नाही, तिला त्याची आवड बरी आठवते. बायकांचं काही कळत नाही.

१८ जानेवारी, सातारा

काल लिहिलं नाही. नुसती धूळ खाल्ली.

सुलोचनेचं काही बरं नाही. पुण्यापासून छातीत धडधडतं म्हणते. आज जेवताना म्हणाली, "अजी, इथूनच वापस जाऊ. मले चांगलं नाही वाटून राहिलं." जीपच्या धक्क्यांनी झालं असेल. लिंबू दिलं. तीन दिवसांत कुंताशी चार शब्द बोलली नाही. एरवी दोघींची तोंडं बंद नसतात.

कुंता मात्र खुशीत दिसते. म्हणजे तोंड काही दिसत नाही, पण पदराखालून काही गुणगुणत असते आणि धर्मशाळेत सगळ्यांच्या आधी उठून ट्रंकेपाशी बसते. तिला आता नवऱ्याची ओढ लागली असेल तर आनंदच आहे. आधीच लागती तर एवढी यातायात कशाला झाली असती?

१९ जानेवारी, चिपळूण

घाट उतरलो. आमच्याकडे एवढा उतार म्हणजे विहिरीतच. तेजराम सारखा "राम राम" म्हणत होता.

मी सेवकशी काय बोलायचं ते मनात जुळवतो आहे. आधी चांगलं झाडायचं, मग जेवायला बसायचं. आई गेली तेव्हा आला नाही हे पहिलं. बायकोला घ्यायला एकदाही आला नाही हे दुसरं. ती नाही म्हणत होती, कबूल, पण नवऱ्याने येऊन हात धरला असता तर कोणती बायको बसून राहते?

२० जानेवारी, वेळवाडी

आज जे झालं ते कसं लिहू ते समजत नाही. सकाळपासूनचं क्रमाने लिहितो.

चिपळूणहून निघून समुद्राकाठचा रस्ता धरला. हाच सेवकचा रस्ता. एका बाजूला तांबडा डोंगर, दुसऱ्या बाजूला एकदम खाली पाणी. पाणी म्हणजे किती, तर नजर जाईल तिथवर. आमच्या तलावाला निदान पाळ आहे, पलीकडे कोणाची म्हैस बसली आहे ते दिसतं. इथे पलीकडे काहीच नाही. तेजरामने जीप थांबवली आणि हात जोडले. मी म्हणालो, "एवढं पाणी आणि धानाची एक बांधी भिजायची नाही यानं." पण रस्ता चांगला केला आहे. खालून दगडाचे बांध चढवून वर वळणं अशी काढलीत की बैलगाडीसुद्धा वळावी. हे माझ्या भावाने केलं म्हणून छाती भरून आली. तसं कोणाला बोललो नाही.

एक गोष्ट घडली. मागून कुंताचं हळू बोलणं आलं, सुलोचनेला सांगत होती, "आता वड येईन. मंग उतार. उताराले डाव्या बाजूनं देऊळ." वळण घेतलं तर समोर वड. रस्ता त्याला वळसा घालून गेलेला. मग उतार, डाव्या हाताला देऊळ. तेजराम म्हणाला, "बाई आधी आल्यात का इकडं?" कोण कधी येणार? मग लक्षात आलं, सेवकच्या पत्रांत होतं हे. सुलोचनेने वाचून दाखवलं असणार. पण सहा वर्षांपूर्वी ऐकलेलं एकेक वळण ज्या बाईच्या ध्यानात आहे, तिला समुद्राच्या हवेचं भय कसं? मागे वळून सुलोचनेला विचारावंसं वाटलं. पण मागे वळलो तर कुंताचं तोंड दिसेल म्हणून वळलो नाही.

पुढे खाडी. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकल्यात, त्यावर जीप चढवतात. आमच्याकडे वैनगंगेत डोंगा असतो, तो निदान असा डोलत नाही. मधे आल्यावर लाट आली आणि कुंताचा तोल गेला. ती माझ्यापासून हातभर होती. मी हात पुढे केला नाही. भासऱ्याचा स्पर्श झाला तर दोघांनी अंघोळ करायची, ही रीत. ती फळीवर पडली, गुडघा फुटला, रक्त आलं. तेजरामने धावून उचललं. खाडीवाले माझ्याकडे पाहत होते. त्यांना काय माहीत. पण मला दिवसभर तो गुडघा आठवतो आहे.

वेळवाडी बंदराचं लहानसं गाव आहे. माडांच्या खाली घरं, वाळूत जाळी टाकलेली, मासळीचा वास. ओव्हरसियर सेवकराम कुठे राहतात म्हणून विचारलं तर एका पोराने थेट दारात नेलं. कौलारू घर, अंगण सारवलेलं, तुळस. मी म्हणालो, बाप्या माणूस एकटा राहून अंगण बरं सारवतो.

आतून एक बाई आली. काळीसावळी, तिशीची, कडेवर अडीच-तीन वर्षांची मुलगी. "आत या, उन्हात काय उभे राहिलात? ते येतीलच आता," म्हणाली. मग तिने जीपमधून उतरणाऱ्या कुंताकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं. मुलीचं नाक सेवकचं आहे. आईचं होतं तेच.

सेवक आला. कानाजवळ टक्कल पडलं आहे. पाया पडायला वाकला तर मी पाय मागे घेतला. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. लग्नाची बायको घरात असताना ही कोण, आईने हेच पाहायला दूध पाजलं का, असं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मी सात पत्रं लिहिली. साती वेळा तुमी लिहिलं, नाही म्हणते. जातानी ती मले हो म्हणाली होती. मंग मले वाटलं, हिचं मन फिरलं. विषमज्वरानं दोन महिने पडलो, या रत्नानं केलं. तिचा नवरा दर्यात गेलेला. देवळात माळ घातली. काय चुकलं?"

"तिनं नाही म्हटलं तर वाट पाहायची," मी म्हणालो.

"चार वर्षं पाहिली. तुमी पंचात बसता ना, दोन्ही बाजू ऐकता ना? तिची बाजू तुमी कवा ऐकली, सांगा."

तेवढ्यात अंगणात कुंताने तोंडावरचा पदर मागे टाकला. माझ्यासमोर. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, सुलोचनेकडे पाहत होती. नुसतं पाहत होती. मला राग आला, की परमुलखात येऊन ही रीत विसरली. पण नजर हटली नाही माझी. आठ वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं तोंड मी आज पाहिलं. लग्नात हळदीने पिवळी, गोलसर पोर होती. आता गाल बसलेत आणि कानशिलाला केस पांढरे झालेत.

सुलोचना अंगणातच खाली बसली. चक्कर आली म्हणाली. आम्ही सरकारी विश्रामगृहात उतरलो आहोत. सेवकने सोय केली. त्याच्या घरचं पाणीही मी घेतलं नाही.

२१ जानेवारी

पहाटे सुलोचना मला किनाऱ्यावर घेऊन गेली. कुंता खोलीत होती. तेजरामला लांब बसवलं. सुलोचनेने पाण्याकडे तोंड करून सांगितलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी तिले कवाच इचारलं नाही."

मला वाटलं लाटांमुळे नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं.

"मी पत्र वाचून दाखवत होती. जायचं म्हणून तीच मांगे लागे. मी तिले सांगे, भासरा नाही म्हणते, रोवणा होऊ दे म्हणते, आई बरी होऊ दे म्हणते. अन् तुमाले येऊन सांगे, ती नाही म्हणते."

"काहून?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"काहून म्हंजे? आईचं हागणंमुतणं कोण करन? माह्या अंगावर चार लेकरं होती. पहिल्या साली वाटलं, एक साल जाऊ दे. मंग दुसऱ्या साली खरं सांगायचं भेव वाटलं. मंग ते तसंच पडून गेलं."

मी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. तिने हात पाहिला आणि जागची हलली नाही. म्हणाली, "मारा. पण मले एक सांगा. आतमंधी घंटाभर बोलणं, रडणं चाले, अन् मी बाहेर येऊन दोन शब्द सांगे. तुमाले कवा वाटलं नाही, का एवढ्या रडण्याचं उत्तर दोन शब्द कसं? चिचाळच्या लोकायच्या बांधासाठी तीन तीन दिवस बसता तुमी. मी 'नाही म्हणते' सांगितलं का लगेच तुमी पान लावाले घेत. तुमाले तेच उत्तर पाहिजे होतं, मले बी तेच. मी खोटं बोलली. तुमाले ते गोड लागलं."

हात खाली आला.

संध्याकाळ. हे पुन्हा लिहायला बसलो. ही वही मागे चाळली. ती मी सोबत आणली होती, सेवकला तारीखवार दाखवायला की बघ, दर वेळी विचारलं होतं. दाखवायला काही उरलं नाही. ऑक्टोबर एकाहत्तरला मीच लिहून ठेवलं आहे, मनातून बरं वाटलं म्हणून. माझ्याच अक्षरात आहे. सुलोचनेला दोष द्यायला बसलो तर तिच्यामागे मी उभा दिसतो. त्या पोरीला वाटत राहिलं की भासरा कसाई आहे, सेवकला वाटत राहिलं की बायको फिरली, आणि मी मधे मोठा न्यायी म्हणून मिरवत होतो. देवा, हे कोणत्या तोंडाने निस्तरू?

२२ जानेवारी

आज सेवक आणि कुंता बोलले. सुलोचनेने तिला सगळं सांगितलं होतं, पाया पडली होती. कुंताने पाय मागे घेतले नाहीत आणि उठही म्हणाली नाही, असं सुलोचना सांगते.

दोघं वाळूवर लांबपर्यंत चालत गेले. मी विश्रामगृहाच्या पायरीवर बसून होतो. दिसत होते, ऐकू येत नव्हते. तो हातवारे करून बोलत होता, मग तोंड झाकून उभा राहिला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. मग डोंगराकडे बोट करून काही विचारलं, आणि तो तिला रस्ता दाखवू लागला. कुठून सुरू केला, कुठे दरड कोसळली, असं काही असावं. बराच वेळ दाखवत होता. त्या दोघांना एवढा वेळ एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीच तशी वेळ येऊ दिली नाही.

मला वाटलं होतं की सेवक म्हणेल, हिलाही ठेवतो. तसं तो म्हणालाही. घराला मागे एक खोली आहे, दोघी राहतील. मलाही तो मार्ग वाटला, खोटं कशाला लिहू. दुपारी मी त्याच्या घरी गेलो तो हेच पक्कं करायला.

तिथे कुंता चुलीपाशी बसलेली. चिन्नोरची पिशवी तिने रत्नाला देऊन टाकली होती आणि सांगत होती, "याले पाणी कमी टाकजो बाई. तुमच्या तांदळासारखं टाकशीन तं लापशी होईन. अन् झाकण काढजो नको मधे." रत्ना "हो हो" करत होती आणि डोळे पुसत होती. मुलगी कुंताच्या बांगड्या मोजत बसली होती.

मी दारातच थांबलो. सेवकशी जे पक्कं करायला आलो होतो ते बोललो नाही. पुन्हा मीच ठरवायला निघालो होतो. पाय मागे घेतले आणि किनाऱ्याने दूरवर चालत राहिलो. चपला हातात. एवढं पाणी पाहून माणसाचं मन मोकळं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही.

२३ जानेवारी, खाडीच्या अलीकडे

सकाळी जीप भरली. कुंताची ट्रंक विश्रामगृहाच्या पायरीवर होती. जीपमध्ये टाकायची की सेवकच्या घरी न्यायची ते तेजरामला समजेना. तो माझ्याकडे पाहत होता. सेवक आला होता, रत्ना मुलीला घेऊन माडाखाली उभी होती. सुलोचना आधीच जीपमध्ये जाऊन बसली होती, कोणाकडे पाहत नव्हती.

मी कुंताच्या समोर जाऊन उभा राहिलो. हाक काय मारायची ते समजेना. भासरा भावसुनेला हाक मारत नाही, त्यामुळे तसा शब्दच नाही. शेवटी नाव घेतलं.

"कुंता," मी म्हणालो. "तुले कुठं जायचं आहे? इथं राहायचं, का अड्याळले यायचं, का अजून कुठं? तू म्हणशीन तसंच होईन. कोणी मधे पडणार नाही. मी बी नाही."

पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता इचारून राहिले?" म्हणाली.

रागाने म्हणाली असती तर मी पाया पडलो असतो. पण राग नव्हता. तिला खरंच नवल वाटत होतं. घरी पाहुणा निघून गेल्यावर कोणी जेवण आणून ठेवावं, तसं. मी मान खाली घातली. चुकलं, असं म्हणायचं होतं. रात्री कितीदा जुळवलं होतं. पण इतक्या मोठ्या गोष्टीपुढे तो शब्द फार हलका वाटला आणि तोंडातच राहिला. आता वाटतं, हलका तर हलका, म्हणायला पाहिजे होता.

ती सेवकच्या पाया पडली. मुलीच्या हातात स्वतःच्या दोन बांगड्या घातल्या. कोपरापर्यंत गेल्या त्या. ट्रंक स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली. सेवक दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

जीप गावाबाहेर आली तेव्हा तेजरामने सवयीने विचारलं, "धनीरामभाऊ, सरळ अड्याळलेच घ्यायचं ना?"

"मले नको इचारू," मी म्हणालो. "तिले इचार."

तो गोंधळला. मग आरशावरचा दुपट्टा काढला, आणि मान वळवून मागे विचारलं.

"पवनीले घ्या," कुंता म्हणाली. "माह्या भावाच्या घरी, गोमाजीच्या. अड्याळले माही चीजवस्तू काही नाही."

सुलोचना हुंदका देऊन रडली. कोणी समजूत घातली नाही. रस्ता पुन्हा तोच, डावीकडे आता डोंगर आणि उजवीकडे पाणी. चार दिवस आहेत पोचायला. खाडीवर तरीची वाट पाहत बसलो आहे म्हणून हे लिहून टाकतो, घरी गेल्यावर हिंमत होणार नाही.

कुंताचा आवाज मी आज नीट ऐकला. मला वाटायचं, ती हळू, पुटपुटत बोलत असेल. तसं काही नाही. चांगला स्वच्छ, मोठा आवाज आहे. आमच्या ओसरीत आणि आतल्या खोलीत कुडाची एक भिंत आहे. कान दिला असता तर तिच्यातून तो सहज ऐकू आला असता.